वाढत्या वयांतील मुलींचें खेळणें

खेड्यांत असा एक समज आहे कीं, व्यायाम शहरांतील मुलांस लागतो. आमचीं मुलें शेतांत राबतात, त्यांस तो कशास? ह्या समजांत थोडें तथ्य आहे. ११ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनीं रोज सरासरी एक तास दम लागेल अशी हालचाल करावी, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. १४६ देशांतील शाळकरी मुलांविषयीं तिच्या अभ्यासकांनीं २०१९ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत शेंकडा ८१ मुलें उणीं पडलीं. मुलींमध्यें भारत व बांगलादेश येथील स्थिति त्यांतल्या त्यांत बरी दिसली. मात्र त्याचें संभाव्य कारण घरकामाचा बोजा असें दिलें आहे. हें ऐकून कोणत्या बापानें मिशीवर ताव द्यावा?

जिंतूर तालुक्यांतील बोरीसारख्या गांवाचाच विचार करूं. घागरी वाहणें, कापूस वेंचणें ह्यांत अंग हलतें खरें. परंतु तें काम मुलीच्या खुषीचें नसतें, हंगाम सरला कीं सरतें, आणि पाठ दुखते ती निराळीच. खेळांत जो आनंद, चपळपणा व सवंगड्यांची संगत मिळते, ती घागरींत कोठून येणार?

मुलगी बारा-तेरा वर्षांची होते, तिला ऋतुप्राप्ति होते, ती स्वतःच लाजूं लागते. आणि त्याच सुमारास घरचीं माणसें तिला अंगणांतून आंत घेतात. भाऊ क्रिकेट खेळावयास गेला तर कोणी विचारीत नाहीं. बहीण धांवली तर लोक काय म्हणतील, ही चिंता पडते. आमच्या मतें मुलीचा खेळ बहुधा येथेंच तुटतो. बाकीच्या अडचणी, म्हणजे वैशाखाचें ऊन, अंधारी वाट, मुलग्यांनीं व्यापिलेलें मैदान, ह्या मागून येतात. पांचवी ते बारावीच्या मुलींस शाळेसाठीं एस. टी. चा प्रवास मोफत आहे. त्या सवलतीनें अनेकींची शाळा टिकली, तिला बोल लावूं नये. पण पायीं चालणें कमी झालें, त्याची भरपाई मैदानावर व्हावी.

परभणीची ज्योती गवते २०१७ सालीं मुंबई मॅरेथॉनमध्यें भारतीय स्त्रियांत पहिली आली. आपल्याच मराठवाड्यांतील, पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सारिका काळे ह्यांस खो-खोसाठीं २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोस दोन खांब व थोडी सपाट जमीन पुरते. महागडें साहित्य लागत नाहीं.

उन्हाळ्यांत खेळ सूर्य चढण्यापूर्वीं घ्यावा. जवळ एखादी वडील बाई बसली तर आयांची काळजी हलकी होते. सायंकाळची एक घागर भावानें आणिली कीं बहिणीचा अर्धा तास मोकळा झाला. आणि परीक्षा आली कीं खेळाचा तास गणितास देण्याची चाल कित्येक शाळांत आहे. पालकांच्या सभेंत त्याविषयीं अवश्य विचारावें.