जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चालेल का?

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही. रॅम ४ जीबी आहे. लिनक्स टाकून पाहू का?

उत्तर : जरूर पाहा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे चांगलं मशीन भंगारात काढण्यापेक्षा हा मार्ग कधीही बरा. लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. डाउनलोड केलेली फाइल रूफस या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा. लॅपटॉप सुरू होताना एफ१२ (काही मॉडेलांत एफ९) दाबून पेनड्राइव्ह निवडा. काहीही इन्स्टॉल न करता लिनक्स उघडेल. वायफाय, आवाज, प्रिंटर तिथेच तपासा. पेनड्राइव्हवरून ते संथ चालतं, त्यावरून वेग ठरवू नका. पटलं, तर आधी फोटो-कागदपत्रांचा बॅकअप घ्या, मगच इन्स्टॉल करा.