सहीनंतरचा अबोला

भावाबहिणींचं फाटतं ते भांडणाने, असं सगळे धरून चालतात. आमच्यात भांडण झालंच नाही. आई आधीच गेली होती. वडील गेल्यावर वाई तालुक्यातल्या जमिनीला वारस म्हणून दादाचं नि माझं नाव लागलं आणि दादाने विचारलं, "सहीला कधी येतेस?" दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो निघाला, अंगठा उमटला, हक्कसोडपत्र नोंदलं गेलं. दुपारी दादाने मिसळ खाऊ घातली. जमिनीविषयी अवाक्षर निघालं नाही.

मग राखी पोस्टाने जाऊ लागली, भाऊबिजेची ओवाळणी मोबाइलवर येऊ लागली. फोनवर "बरी आहेस ना?" "बरी आहे." माझ्या मनात होतं, एवढं सोडलं, त्याने एकदा तरी त्याबद्दल बोलावं. आणि तो (हे पुढे मावशीकडून कळलं) समजत होता की मी मनात धरून बसलेय, फोन केला तर तोच विषय निघेल. वहिनीवर खापर फोडणं सोपं असतं. आमच्याकडे तिला कुणी विचारलंही नव्हतं.

माझ्या चुलतबहिणीने सही नाकारली, तिचंही माहेर सुटलं. तिला निदान कारण तरी सांगता येतं. म्हणून सही करावी की करू नये, हे मी कुणाला सांगत नाही. सांगते ते एवढंच, की बोलणं आधी, दस्त नंतर. घाईचं कारणही नसतं. हक्क सोडायला कायद्याने मुदत घातलेली नाही. सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं खुशाल राहू द्या. तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांसमोर तर हा विषय काढूच नये, तिथे बहिणीला नाही म्हणता येत नाही. आणि दस्त नोंदल्यावर मन बदललं म्हणून तो एकतर्फी मागे घेता येत नाही.

भावांनी "नुसती सही तर आहे" असं म्हणू नये. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे, तो हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने दिला. वडील त्या वेळी हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. बहीण देते ती जमीन असते. फेरफाराची नोटीस तिच्या हाती पडण्याआधी आपला फोन जावा. माझ्याकडे नोटीस आली, फोन नाही.

आधीच अंतर पडलं असेल, तर ज्या विषयाला दोघं बगल देताय तिथूनच सुरुवात करा. खुशाली विचारून काही हलत नाही. मी शेवटी दादाला विचारलं, "यंदा हळद किती लावलीस?" तो क्षणभर गप्प झाला. मग सांगलीच्या बाजारातला दर, विहिरीचं पाणी, बांधावरून शेजाऱ्याशी चाललेली कुरबूर, सगळं सांगत बसला. सहीबद्दल तो काही बोलला नाही, बोलेल असंही वाटत नाही. पण पुढच्या आठवड्यात फोन त्याचा आला, बियाण्याचे पैसे कमी पडत होते म्हणून.