जिज्ञासूची पेटी

‘वाचा, वाचा’ हा उपदेश तुम्ही इतक्या वेळा ऐकला असेल की, त्याचा आता कंटाळाच यावा. काय वाचावे, कोणत्या क्रमाने वाचावे आणि वाचून पुढे काय करावे, हे सांगणारे मात्र थोडेच भेटतात. ग्रंथालयातील देवघेवीची वही चाळली असता असे दिसते की, ज्याला रहस्यकथा आवडल्या तो वर्षभर रहस्यकथाच नेतो, आणि ज्याला परीक्षेची चिंता लागली आहे तो मार्गदर्शिकांपलीकडे हात घालीत नाही. रोज एकच पदार्थ खाणाऱ्याचे पोट भरते, पण त्याचे अंग धरत नाही. वाचकाचेही तसेच आहे. म्हणून या लेखात आम्ही निरनिराळ्या जातींच्या पुस्तकांची व नियतकालिकांची एक लहानशी निवड तुमच्यापुढे ठेवीत आहोत.

ही निवड करताना एक विचार आमच्या मनात सारखा घोळत होता. आपण बडोद्यास राहतो. बाजारात गुजराती, आगगाडीत हिंदी, वरच्या वर्गांत व कचेरीत इंग्रजी. मराठी उरते ती घरात, जेवणाच्या पानावर, सणासुदीस आणि आजीच्या तोंडी. ज्या भाषेत आपण ‘मीठ वाढ’ आणि ‘दार लाव’ एवढेच बोलतो ती भाषा जिवंत असते खरी, पण ती वाढत नाही. ज्या भाषेत मनुष्य प्रश्न विचारतो आणि उत्तर शोधतो, तीच त्याच्यापाशी टिकते. पक्ष्यांची घरटी, १८५७ चा संग्राम, आकाशातील कृष्णविवर या साऱ्यांविषयी मराठीत वाचता येते हे ज्या मुलाला ठाऊकच नाही, त्याची मराठी पुढल्या पिढीत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबेल. तेव्हा या निवडीत आपल्या करमणुकीपेक्षा काही अधिक गुंतलेले आहे.

सुदैवाने ग्रंथांच्या बाबतीत आपली नगरी भाग्यवान आहे. श्रीमंत सयाजीराव महाराज तिसरे यांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण शाळा सोडल्यावर मुलाच्या हाती पुस्तक पडले नाही, तर शिकलेली अक्षरे तो काही वर्षांत विसरून जातो, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांस बडोद्यास आणविले आणि गावोगावी वाचनालये काढण्याची योजना हाती घेतली. वाचनालयाच्या खर्चाचा एक भाग गावकऱ्यांनी, एक स्थानिक संस्थेने व एक सरकारने सोसावा, असा नियम होता. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. तेथे स्त्रियांसाठी व मुलांसाठी वेगळी व्यवस्था करण्यात आली. ज्या खेड्यात वाचनालय काढण्याचीही ऐपत नव्हती, त्या खेड्याकडे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. एका गावाने पेटी वाचून संपविली की ती पुढच्या गावी जाई. या फिरत्या पेट्यांनी ग्रंथालय वाचकाच्या दारी नेले.

तशी एक पेटी आज आपल्या शाळेतील जिज्ञासू मुलामुलींसाठी भरावयाची झाली, तर तीत काय घालावे? आम्ही त्या पेटीचे सहा कप्पे कल्पिले आहेत.

पहिला कप्पा कोशांचा. कोश हा सलग वाचावयाचा ग्रंथ नसून विचारावयाचा ग्रंथ आहे. मराठीत हे काम डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केवढ्या जिद्दीने केले, ते प्रत्येक विद्यार्थ्याने जाणले पाहिजे. १९२० ते १९२९ या काळात त्यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड प्रसिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे ‘मराठी विश्वकोशा’चे काम चालू झाले आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. हा विश्वकोश आता महाजालावर विनामूल्य वाचता येतो; म्हणजे ज्या घरी एकही जाडजूड ग्रंथ नाही, त्या घरच्या मुलालाही तो मोबाइलवर उघडता येईल. पंडित महादेवशास्त्री जोशी यांचा दहा खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ही येथे हवाच. शास्त्रीबुवा मूळचे गोमंतकातील आंबेडे गावचे. तुमच्या वयाच्या वाचकांसाठी त्यांनी चार खंडांचा ‘मुलांचा संस्कृतिकोश’ वेगळा तयार केला.

दुसरा कप्पा निसर्गाचा. यात दुर्गाबाई भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ हे १९५६ चे पुस्तक ठेवावे. दुर्गाबाईंचा जन्म इंदूरचा. वर्षाचे बारा महिने झाडे, फुले, पाखरे आणि आकाश यांच्यांत काय काय पालटते, हे त्यांनी महिन्यामागून महिना घेऊन टिपले आहे. ज्या महिन्यात आपण असू त्या महिन्याचा लेख वाचावा, आणि मग अंगणात जाऊन पाहावे. त्याच्या जोडीला मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ असू द्यावा. चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. त्यांची विद्या रानात हिंडून मिळविलेली होती.

तिसरा कप्पा विज्ञानाचा. येथे डॉ. जयंत नारळीकर यांची दोन पुस्तके आम्ही सुचवितो: आकाशाची ओळख करून देणारे ‘आकाशाशी जडले नाते’ आणि विज्ञानकथांचा संग्रह ‘यक्षांची देणगी’. नारळीकरांचा जन्म १९३८ मध्ये कोल्हापुरास झाला. परंतु त्यांचे बालपण बनारसला, हिंदी मुलखात गेले. तुमच्यासारखेच तेही महाराष्ट्राबाहेर वाढलेले मराठी मूल होते. केंब्रिजपर्यंत जाऊन खगोलशास्त्रात मोठे नाव मिळविल्यावरही २०२५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी मराठीची साथ सोडली नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव घेतले होते. परीक्षकांनी मोठ्या नावाकडे न पाहता केवळ कथेकडे पाहावे, हा त्यातील हेतू. त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले.

चौथा कप्पा इतिहासाचा व प्रवासाचा. विष्णुभट गोडसे हे पेण तालुक्यातील वरसई गावचे भिक्षुक. घरच्या कर्जामुळे दक्षिणा मिळविण्याकरिता ते १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि नेमके त्या वर्षीच्या वणव्यात सापडले. १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा ते त्या शहरातच होते. त्यांची हकीकत ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. या पुस्तकाशेजारी रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या ‘मराठी रियासती’चा एखादा खंड ठेवावा. सरदेसाई १८८९ मध्ये बडोदे सरकारच्या सेवेत आले, आणि राजपुत्रांना इतिहास शिकविता शिकविता त्यांच्या हातून ही रियासत उभी राहिली. एकाने डोळ्यांनी पाहिले ते लिहिले. दुसऱ्याने कागदपत्रे ताडून लिहिले. पहिल्याच्या लेखनात भय, भूक आणि धूर आहे, दुसऱ्याच्या लेखनात कारण आणि परिणाम आहेत. इतिहास समजण्यासाठी दोन्ही लागतात.

पाचवा कप्पा माणसांच्या जीवनकथांचा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून क्रमाने चार भागांत निघाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्यापाशी अक्षरे गिरविलेल्या या बाईंनी जे गद्य लिहिले, ते आजही मराठीचा अलंकार मानले जाते. त्याबरोबर डॉ. नरेंद्र जाधव यांचे १९९३ मधील ‘आमचा बाप आन् आम्ही’ वाचावे. दलित कुटुंबातील एका कष्टकरी बापाने आपली मुले कशी शिकविली, ते त्यात सांगितले आहे. आपल्या घरापेक्षा वेगळ्या घरात मनुष्य कसा जगतो, हे ज्याला कळले त्याचे वाचन सार्थकी लागले.

सहावा कप्पा नियतकालिकांचा, आणि तो आम्ही मुद्दाम मोठा ठेवला आहे. पुस्तक एका विषयात खोल नेते. मासिक मात्र आपण कधी मागितला नसता असा विषय हाती ठेवते. कवितेसाठी अंक उघडावा आणि ज्वालामुखीच्या लेखात गुंतून पडावे, हे मासिकातच घडते. मराठी नियतकालिकांची परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ हे वृत्तपत्र काढले, आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून फराळाच्या ताटाबरोबर अंकही मराठी घरात येऊ लागला. विज्ञानासाठी १९२८ मध्ये पुण्यास ‘सृष्टिज्ञान’ निघाले. आमच्या पेटीत तीन नियतकालिके अवश्य असतील: साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक, ‘मराठी विज्ञान परिषद पत्रिका’, आणि बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेले ‘किशोर’ मासिक. ‘किशोर’चे जुने अंकही महाजालावर विनामूल्य खुले आहेत.

पेटी भरली, आता ती वापरावी कशी? यासाठी एकच उदाहरण देतो. चैत्र-वैशाखात आपल्या शहरातील वडा-पिंपळांवर ‘कुहू’ ऐकू येते, आणि आपण म्हणतो, ‘कोकिळा गाते आहे’. खरोखर गाते ती कोकिळा काय? हा प्रश्न घेऊन ‘पक्षिकोश’ उघडावा. गाणारा असतो तो नर, काळाभोर व लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी रंगाची असून तिच्या अंगावर पांढुरके ठिपके असतात, आणि ती आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. मग दुसरा प्रश्न निघतो: कावळा घरटे केव्हा बांधतो? ‘ऋतुचक्रा’तील उन्हाळ्याचे महिने काढून पाहावेत, आणि शाळेच्या वाटेवरील एखाद्या झाडावर आठ दिवस नजर ठेवावी. तिसरा प्रश्न: आपल्या बायका कोकिळाव्रत करतात ते कशासाठी, आणि सामान्यतः अधिक आषाढाच्या वर्षीच का? येथे ‘संस्कृतिकोश’ उपयोगी पडेल. शेजारच्या गुजराती मावशींनाही विचारावे. त्यांच्याकडेही कोकिळाव्रत असते, आणि त्यांची रीत व आपली रीत कोठे जुळते व कोठे वेगळी होते, हे ताडून पाहण्यात मोठी मौज आहे. एका ‘कुहू’पासून आपण प्राणिशास्त्र, ऋतू, पंचांग आणि शेजारधर्म एवढ्या ठिकाणी जाऊन आलो, आणि ही सारी वाट मराठीतून चाललो.

वाचनाचे तीन नियम आम्ही सुचवितो. पहिला: आवडीच्या जातीची दोन पुस्तके झाली की तिसरे दुसऱ्या कप्प्यातील घ्यावे. दुसरा: अडलेला शब्द व सुचलेला प्रश्न वहीत टिपून ठेवावा, कारण न लिहिलेला प्रश्न सकाळपर्यंत राहत नाही. तिसरा: एका ठिकाणी वाचलेली गोष्ट महत्त्वाची वाटली, तर ती दुसऱ्या ठिकाणी ताडून पाहावी. छापलेले सर्व खरे असते असे नाही, आणि मोबाइलवर आलेल्या मजकुराला तर हा नियम दुपटीने लागू आहे.

पालकांनाही एक विनंती आहे. पुष्कळ घरांत आजोबांच्या वेळची पुस्तके काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली असतात, आणि किल्ली कोठे आहे हे कोणासच आठवत नाही. ती कपाटे उघडावीत. पाने मुडपतील, शाईचा डाग पडेल. तेवढे नुकसान सोसावे. रात्री जेवणानंतर अर्धा तास कोणी तरी मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. ज्यांची मुले आता इंग्रजी शाळेत जातात व ज्यांना देवनागरी सावकाश वाचता येते, त्यांच्यासाठी तर हा अर्धा तास फार मोलाचा आहे. कान तयार झाला की डोळे मागोमाग येतात.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत प्रत्येकाने आपला एक प्रश्न निवडावा, निदान तीन कप्प्यांतून त्याचा माग काढावा, आणि मिळालेले उत्तर एका पानात मराठीत लिहून आणावे. त्यांतील चांगली पाने पुढील वर्षीच्या अंकात घेता येतील. ज्यांना उत्तर मिळणार नाही त्यांनी प्रश्नच लिहून आणावा. त्याचे उत्तर शोधण्याकरिता पेटीत कोणते पुस्तक घालावयास हवे, ते आपण मिळून ठरवू.