ट्रकचा धंदा : आधी हिशेब, मग हप्ता



गळीत हंगाम जवळ आला की शेतकी विभागात एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, ट्रक घेऊन वाहतुकीचा करार करावा म्हणतो, परवडेल का?" मागे एक सभासद जमिनीवर कर्ज काढून गाडी घ्यायला निघाले होते. आम्ही विचारले, एका खेपेला खर्च किती? ते म्हणाले, "डिझेल जाऊन उरतं ते आपलंच की!" इथेच चूक होते. म्हणून या अंकात ट्रकच्या जमाखर्चाचा पाठ घेत आहोत.

ज्यांना गाडी घ्यायची नाही त्यांनीही हे वाचावे. उसाचा रास्त व किफायतशीर दर कारखान्याच्या दारातला धरतात आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होतो. म्हणजे वाहतुकीचा पैसा शेवटी आपल्याच बिलातला आहे.

एका खेपेचा हिशेब

खालील आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गाडीचे आकडे घालून पाहावेत. समजा दहा चाकी ट्रक आहे, ऊस १८ टन, फड २५ किलोमीटरवर, आणि कमिशन धरून वाहतूक टनास ३०० रुपये मिळते. खेपेचे उत्पन्न ५,४०० रुपये झाले. आता खर्च :

डिझेल १५ लिटर, दर ९२ रुपये : १,३८० रु.
टायरची झीज : १७० रु.
ऑईल, ग्रीस, पाटे व दुरुस्ती : २५० रु.
ड्रायव्हरचा भत्ता : २०० रु.
एकूण : २,००० रु.

खेपेमागे ३,४०० रुपये उरले. टायर रोज फुटत नाही म्हणून तो खर्च कोणी धरत नाही. पण दहा टायर एकदम बदलायची वेळ येते तेव्हा दोन लाख रुपये कुठून आणायचे? म्हणून झीज खेपेगणिक बाजूला काढावी.

गाडी उभी असतानाचा खर्च

गाडी चालो वा न चालो, काही खर्च टळत नाही. समजा जुनी गाडी १४ लाखांना घेतली, पदरचे ४ लाख घातले व १० लाख कर्ज काढले. चार वर्षे मुदत, व्याज ११ टक्के. महिन्याचा हप्ता सुमारे २५,८५० रुपये बसतो.

वर्षाचे हप्ते : ३,१०,००० रु.
ड्रायव्हरचा सहा महिन्यांचा पगार : १,०८,००० रु.
विमा, टॅक्स, पासिंग : ९०,००० रु.
एकूण : ५,०८,००० रु.

आता ५,०८,००० ला ३,४०० ने भागा. उत्तर येते १५० खेपा. तेवढ्या होईपर्यंत मालकाच्या हाती काही पडत नाही. हंगाम १३० दिवसांचा धरला आणि नादुरुस्ती, टोळीच्या सुट्ट्या, गाडीतळावरची रांग वजा जाता ११० खेपा झाल्या, तर ३,७४,००० रुपयेच जमतात. १,३४,००० ची तूट राहते. हप्त्यात मुद्दल आहे, ती आपलीच जिंदगी, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण गाडीची किंमतही दरसाल उतरत असते.

ही तूट हंगामाबाहेर भरून काढावी लागते. खत, धान्य, कांदा, विटा यांची भाडी आधीच ठरवून ठेवा. ड्रायव्हर व डिझेल जाऊन भाड्यामागे ३,००० उरले तरी अशी ४५ भाडी लागतात. पावसाळाभर गाडी झाडाखाली उभी ठेवणाराचा हप्ता मात्र उभा राहत नाही.

उचल : सर्वांत मोठा धोका

दहा कोयत्यांची टोळी आणि दर कोयत्यास समजा एक लाख उचल, म्हणजे दहा लाख रुपये गाडीच्या कर्जाइतकेच अडकले. त्यातले दोन कोयते आलेच नाहीत तर दोन लाख गेले, म्हणजे ५९ खेपांची कमाई बुडाली. शिवाय तोडणी कमी पडून गाडी फडातच थांबते. म्हणून मुकादमाशी करार लेखी करा, पैसे बँकेमार्फत आणि टप्प्याटप्प्याने द्या, आणि टोळीत कोण कोण येणार हे आधी जाऊन पाहा. मजुरांचाही हिशेब दर पंधरवड्याला चोख द्यावा. चोख हिशेबाच्या मालकाकडे टोळी पुढच्या साली आपणहून येते.

जादा भराचा मोह

तीन टन जादा भरले तर खेपेला ९०० रुपये जास्त मिळतात. पण २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याप्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये आणि वर दर जादा टनास २,००० रुपये दंड आहे. तीन टनांचे २६,००० होतात. एकदा सापडलात की अशा २९ खेपांची जादा कमाई गेली. पाटे तुटतात, टायर फुटतात ते वेगळेच. मागचा दिवा व रिफ्लेक्टर नसलेली उसाची गाडी रात्री रस्त्यात उभी करणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. त्या पापाचा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही.

एक गाडी की तीन?

स्वतः स्टेअरिंगवर बसणाराचा पगार वाचतो, डिझेलवर नजर राहते. मात्र घरच्या उसाला पाणी द्यायला गडी लावावा लागला तर ती मजुरी गाडीच्या खर्चात धरा. घरी बसून तीन गाड्या चालवू पाहणाराची उचल तिप्पट, हप्ते तिप्पट, आणि देखरेख मात्र एकाच माणसाची. पहिल्या गाडीने सलग दोन हंगाम शिल्लक दाखवल्याशिवाय दुसरीचा विचार करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गाडीत एक वही ठेवा. तारीख, खेप, वजन, किलोमीटर, डिझेल आणि फडात व तळावर गेलेले तास एवढे रोज लिहा. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी हा हिशेब घेऊन गट कार्यालयात या. आम्ही शेजारी बसून तो तपासून देऊ. सुरुवातीला सांगितलेले सभासदही असेच बसले होते. त्यांनी त्या साली गाडी घेतली नाही, ठिबकसाठी पैसे घातले. जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे.

— ऊस विकास अधिकारी