रस्त्याची रुंदी आणि नागरिकांची सुनावणी : गणेशखिंड रस्त्याचा धडा

शहर वाढू लागले की त्याचा पहिला ताण रस्त्यांवर पडतो. वाहने वाढतात, चौक तुंबतात आणि रस्ता रुंद करावा ही मागणी पुढे येते. मागणी साधी दिसते. परंतु रस्त्याच्या दोन्ही अंगांना विद्यालये, महाविद्यालये, जुनी झाडे आणि नांदती वस्ती असली म्हणजे ती साधी राहत नाही. रुंदीकरण कोणासाठी, किती आणि कोणाच्या जागेतून, असे प्रश्न उभे राहतात. लोकशाही राज्यव्यवस्थेत या प्रश्नांची उत्तरे केवळ अभियंत्याच्या नकाशावर मिळत नाहीत. ती लोकांच्या हरकतींतून आणि सुनावणीतूनही घडवावी लागतात. पुण्याचा गणेशखिंड रस्ता हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे.

रस्ता आणि त्याचा परिसर

शिवाजीनगरकडून विद्यापीठाकडे जाणाऱ्या या रस्त्याला मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात येथे मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान उभारण्यात आले. त्या निवासस्थानातील समारंभाहून परतणाऱ्या रँडवर २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी गोळी झाडली ती याच रस्त्यावर. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, त्या वास्तूत पुणे विद्यापीठ सुरू झाले. २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. कृषी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन या संस्थाही याच परिसरात आहेत. त्यामुळे पायी चालणारा, सायकलवर येणारा आणि बसची वाट पाहणारा विद्यार्थी हा या रस्त्याचा जुना वापरकर्ता होय.

विद्यापीठ चौकात औंध, बाणेर, पाषाण आणि सेनापती बापट रस्ता येऊन मिळतात. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान नगरीकडे जाणारी मोठी वाहतूक याच चौकातून होऊ लागली. कोंडी फोडण्यासाठी येथे उड्डाणपूल बांधण्यात आले होते; परंतु सुमारे दीड दशकातच, २०२० मध्ये, ते पाडावे लागले. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रो मार्ग आणि नवा दुमजली पूल यांसाठी जागा मोकळी करणे आवश्यक ठरले होते. याच ओघात गणेशखिंड रस्ता ४५ मीटर रुंद करण्याचे काम पुढे आले आणि त्याबरोबर रस्त्याकडेच्या जुन्या झाडांचा प्रश्नही. २०२३ मध्ये हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

रुंदीकरणाचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नाही. कोंडीत अडकलेली रुग्णवाहिका, रोज दोन-दोन तास प्रवासात घालविणारा नोकरदार, वेळेवर न पोहोचणारी बस, या अडचणी खऱ्या आहेत. मेट्रोचे खांब रस्त्याच्या मध्यभागी उभे राहिल्यावर वाहनांना उरणारी जागा कमी होते, हेही खरे आहे.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही तितकेच विचारात घेण्याजोगे आहे. पन्नास-साठ वर्षांचा वटवृक्ष तोडल्यास त्याची सावली नव्या रोपाकडून मिळण्यास तितकाच काळ लागतो. रुंद रस्त्यावर वाहनांचा वेग वाढतो आणि तो ओलांडणे विद्यार्थ्यांना व वृद्धांना कठीण होते. शिवाय आज रुंद केलेला रस्ता काही वर्षांत पुन्हा भरून जातो, अशीही त्यांची शंका असते.

रुंदीकरणाने काय साधते ?

ही शंका निराधार नाही. अमेरिकन अभ्यासक अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच असे प्रतिपादन केले होते की, गर्दीच्या वेळी नव्याने उपलब्ध झालेली जागा नवी वाहने लवकरच व्यापतात. दुसऱ्या मार्गाने जाणारे, दुसऱ्या वेळी निघणारे आणि बसने प्रवास करणारे लोक या मोकळ्या जागेकडे वळतात. दुसरी गोष्ट अशी की, रस्त्याची क्षमता त्याच्या सर्वांत अरुंद ठिकाणावर आणि चौकातील सिग्नलवर अवलंबून असते. मधलाच भाग रुंद केला व पुढचा चौक तसाच राहिला, तर कोंडी संपत नाही. ती फक्त पुढे सरकते.

पादचाऱ्याचे गणितही मांडून पाहावे. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरल्यास २४ मीटरांचा वाहनमार्ग ओलांडण्यास २० सेकंद लागतात. तोच ३१ मीटरांचा झाल्यास सुमारे २६ सेकंद लागतात. सिग्नलच्या वेळेत तेवढी वाढ झाली नाही किंवा मध्ये थांबण्यास सुरक्षित जागा ठेवली नाही, तर ती व्यक्ती वाहनांच्या मधोमध अडकते.

म्हणून रस्ता रुंद करावयाचा की नाही, एवढाच प्रश्न नसतो. वाढलेली जागा कोणाला द्यावयाची, हा खरा प्रश्न असतो. समजा, ३६ मीटरांचा रस्ता ४५ मीटर केला. मिळालेल्या ९ मीटरांत मोटारींच्या दोन मार्गिका बसतील. किंवा त्याच जागेत रुंद पदपथ, सायकलमार्ग, बसथांबा आणि झाडांची रांग बसेल. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत पदपथाची अडथळामुक्त रुंदी किमान १.८ मीटर असावी असे म्हटले आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांच्या नव्हे तर माणसांच्या वाहतुकीस प्राधान्य दिले आहे. पुण्याच्याच जंगली महाराज रस्त्यावर पुढे पदपथ रुंद करून त्यावर बसण्याची सोय करण्यात आली, हे उदाहरण दूरचे नाही.

कायद्याने दिलेली संधी

नागरिकांना आपले म्हणणे मांडण्याची संधी कायद्यातच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविणे आणि त्यांवर सुनावणी घेणे बंधनकारक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा ठरविताना स्थायी समितीच्या बैठकीपूर्वी किमान एक महिना जाहीर सूचना द्यावी लागते आणि ती त्या रस्त्यावरही लावावी लागते. लेखी हरकती बैठकीच्या किमान तीन पूर्ण दिवस आधी नगरसचिवांकडे पोहोचल्या पाहिजेत.

झाडांसाठी १९७५ चा स्वतंत्र अधिनियम आहे. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षांवरील वृक्षांना वारसा वृक्ष म्हणून मान्यता दिली आणि तोडलेल्या वृक्षाच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद केली. परंतु रोपांची संख्या पूर्ण झाली म्हणजे सावली परत आली असे होत नाही; म्हणून रेषा थोडी वळवून झाड वाचविता येते काय, हे आधी तपासणे श्रेयस्कर ठरते.

मार्च २०२२ पासून पुणे महापालिकेचा कारभार प्रशासकांकडे होता. त्यामुळे गणेशखिंड रस्त्यावरील वाद ऐन भरात असताना लोकनियुक्त सभागृहातील चर्चा होऊ शकली नाही. अशा काळात जाहीर सूचना, सुनावणी आणि सकारण लेखी निर्णय यांचे महत्त्व अधिकच वाढते. सुनावणी उरकली जाते तेव्हा वाद न्यायालयात जातो. काम लांबते आणि खर्चही वाढतो.

कोणी काय करावे ?

अधिकाऱ्यांनी केवळ रुंदीचा आकडा जाहीर न करता रस्त्याचा पूर्ण छेद प्रसिद्ध करावा : पदपथ किती, बससाठी किती, कोणते झाड राहणार, कोणते जाणार. हरकत फेटाळल्यास तिचे कारण साध्या मराठीत कळवावे. शिक्षकांनी हा विषय नागरिकशास्त्राच्या तासाला प्रत्यक्ष अभ्यासासाठी घ्यावा. विद्यार्थ्यांनी एका तासात महाविद्यालयाच्या फाटकासमोरून किती माणसे पायी, किती बसने आणि किती मोटारीने गेली हे मोजले, तर चर्चेला आकड्यांचा आधार मिळेल.

पंचायत सदस्यांसाठीही हा धडा परका नाही. गावठाणातील शाळेसमोरचा रस्ता रुंद करताना ओटे, पार, पिंपळ आणि अतिक्रमणे हेच प्रश्न लहान प्रमाणात समोर येतात. ग्रामसभेपुढे आधी नकाशा ठेवून, ज्याची भिंत मागे जाणार आहे त्याचे म्हणणे आधी ऐकून ठराव केला, तर मनात अढी राहत नाही.

रस्ता ही सर्वांची मालमत्ता आहे. मोटारीतून जाणाऱ्याचा तिच्यावर जेवढा हक्क, तेवढाच पुस्तके घेऊन पायी निघालेल्या विद्यार्थिनीचाही आहे. दोघांचेही म्हणणे ऐकून आखलेली रेषाच टिकाऊ ठरते.