काष्टीत दुकान मांडणाऱ्या पुतणीला

पोरी, दौंड रस्त्याच्या गाळ्यात तूप, खवा, पेढ्याचं दुकान मांडतेस हे ऐकून फार बरं वाटलं. शनिवारी जनावरांचा बाजार भरला की सगळा श्रीगोंदा तालुका आणि नदीपलीकडचा दौंड काष्टीत उतरतो, त्यामुळे गिऱ्हाइकाची काळजी तुला नाही. मी सांगतोय ते कागदांचं.

एक गोष्ट आधी पक्की धर. प्रत्येक नोंदणी तुझ्याच मोबाईलवर आणि तुझ्याच ईमेलवर व्हायला हवी. फॉर्म भरायला माणूस लाव, माझी हरकत नाही. पण ओटीपी तुझ्या फोनवर आला पाहिजे आणि पासवर्ड तुझ्या वहीत पाहिजे. कितीतरी दुकानदारांच्या जीएसटीला सल्लागाराचा नंबर असतो. नोटीस त्याच्याकडे जाते, त्याला आठवण झाली तर यांना कळते, आणि दंड चढतो तो दुकानदाराच्या नावावर. शिवाय आधार, पॅन, लाईट बिल, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, सगळीकडे नाव एकसारखं लिहिलंय का ते बघून घे. गाळा सासऱ्यांच्या नावावर आहे, तेव्हा त्यांचं संमतिपत्र आत्ताच करून ठेव. अर्ज परत फिरतात ते पुष्कळदा अशाच बारीक गोष्टींवरून.

शॉप अ‍ॅक्टला घाबरू नकोस. २०१७ च्या कायद्याने तुझ्यासारख्या दोन-तीन माणसांच्या दुकानाला ऑनलाइन सूचना दिली की भागतं. धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत द्यायची. तिची पावती बँकेत चालू खातं उघडताना लागते. उद्यम नोंदणी तर पूर्ण फुकट आहे, तिचं नूतनीकरणही नसतं. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर सरळ उठून ये.

खाण्याच्या धंद्यात खरा जीव अन्न नोंदणीत आहे. ती हाती आल्याशिवाय एक पेढाही विकू नकोस. आपल्या बाजारात १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराचा व्यवहार करायचा नाही असा नियम आला, तसा हा १४ अंकी नंबर तुझ्या दुकानाचा बिल्ला समज. तो दुकानात दिसेल असा लाव, बिलावरही छाप. ताटात सुटी मिठाई मांडलीस तर ती कुठवर खाण्यासारखी आहे त्या तारखेची चिठ्ठी ताटाशी हवी. १ ऑक्टोबर २०२० पासून हे सक्तीचं आहे. मला हा नियम मनापासून आवडतो. उन्हाळ्यात खवा किती लवकर उतरतो ते आपल्याला कळतं, बाजाराला आलेल्या परगावच्या माणसाला कसं कळणार? वापरायच्या पाण्याची तपासणी आणि कामावरच्या बायकांचे डॉक्टरी दाखलेही त्याच फाईलला लाव.

आता जीएसटी. मालाच्या धंद्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. पण इथेच लोक फसतात. सुट्या दुधा-दह्यावर कर नाही म्हणून ती विक्री कुणी धरतच नाही. तू तूपही विकणार, आणि तुपावर कर आहे (२२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांचा ५ टक्के झाला). त्यामुळे ४० लाख मोजताना करमाफ मालाची विक्रीही त्यात येते. एकाच पॅनवर पुढेमागे श्रीगोंद्यात दुसरं दुकान काढलंस तर तेही त्याच हिशेबात. नोंदणी घेतलीस तर कंपोझिशनचा विचार कर. कर थोडा आणि तोही तिमाहीला भरायचा. मात्र गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, आणि परराज्यात माल विकता येत नाही. साध्या नोंदणीत असलीस आणि एखाद्या महिन्यात विक्री शून्य झाली तरी विवरण भरायचंच. शून्याचं तर एसएमएसनेही जातं, आणि चुकलं की दिवसामागे लेट फी चढत राहते. गरज नसताना कुणी सांगितलं म्हणून नंबर काढून ठेवू नकोस, आणि धंदा थांबला तर तो रीतसर रद्द करून घे.

व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनच्या आत. तो तुझा स्वतःचा. कामावर साडेसात हजारांवर पगाराचा गडी ठेवलास तर त्याचा कर कापून भरायला वेगळी नोंदणी लागते. बाईमाणसाला महिना २५,००० पर्यंत तो कर नाही.

इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी पासिंग करून घे, दाखला भिंतीवर लाव. आणि पेढे तोलताना खोका कधीही वजनात धरू नकोस. बाजाराच्या गर्दीत कुणाच्या लक्षात येत नाही असं वाटतं, पण ज्याने हजारोंची बैलजोडी पारखून घेतली त्याला पावशेराचा फरक हाताला कळतो. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं त्याहून मोठी नकोत.

अन्न अधिकारी आले तर ओळखपत्र बघ, पाणी दे, फाईल पुढे ठेव. नमुना घेतला तर किंमत घेऊन पावती दे. नमुन्याचे चार भाग करून तुझ्यासमोर सील करतात. त्यातला एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा असं तुला तेव्हाच लेखी मागता येतं, खर्च तुझा. अहवाल विरोधात गेला तर तो हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. म्हणून अहवाल मिळाला की पाकिटावर त्या दिवसाची तारीख लिही, आणि त्याच दिवशी मला फोन कर.