मोत्याला रात्री आत घे

अगं, वस्तीवर नांदायला गेल्यापासून फोनवर तुझं निम्मं बोलणं तिथल्या कुत्र्याचं, मोत्याचंच असतं. विहिरीकडे निघालीस की तो पुढे, गोठ्यात गेलीस की दारात ठिय्या, सासूबाईंनी आवाज चढवला तरी याचे कान ताठ! ऐकून मला फार बरं वाटतं. नव्या घरात कुणीतरी इतक्या लवकर आपलं म्हणणं, हे सुख मोठं आहे गं.

म्हणूनच मनातलं बोलते. रात्री त्याला अंगणातल्या खुंट्याला साखळीनं बांधता, ते मला पटत नाही. तुमचा जुन्नरचा पट्टा उसाचा. बिबट्याला तिथे आडोसा आहे, पाणी आहे, मादी पिल्लंसुद्धा उसातच घालते. आणि तो खातो काय? अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा वजनाच्या हिशेबात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, साधारण ३९ टक्के. शेळ्या त्याच्या कितीतरी खाली. म्हणजे कुत्रं हेच तिथल्या बिबट्याचं मुख्य खाणं. मोकळं असेल तर निदान पळेल, घरात घुसेल. साखळीला बांधलेल्या जिवानं काय करायचं?

मोत्याचं भुंकणं ओळखायला शीक. परका माणूस आला की तो पुढे धावतो, थांबतो, तुझ्याकडे बघतो, पुन्हा भुंकतो. बिबट्याचा वास आला की बहुतेक कुत्र्यांची तऱ्हाच बदलते. पाठीवरचे केस उभे, शेपूट पायांत, तोंड उसाकडे आणि अंग मात्र दाराला चिकटलेलं. मधेच कण्हल्यासारखा आवाज. असं दिसलं की त्याला ‘छू’ म्हणून पुढे घालू नकोस. तू सांगितलंस तर तो भीती गिळून जाईल, आणि तेच मला नको आहे. त्याला आत घे, बाहेरचा दिवा लाव, मोठ्यानं बोला, डबा वाजवा, आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. मोत्यानं सावध केलं, तिथे त्याचं काम झालं. तुमच्याकडे खिळ्यांचा पट्टा मिळतो, तोही त्याच्या गळ्यात घाल. बिबट्या मानेलाच धरतो, म्हणून तो पट्टा.

कुत्र्याच्या इमानाचं म्हणशील, तर रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली. शिवाजी महाराजांच्या चितेत त्यानं उडी घेतली म्हणतात. समकालीन कागदांत तसा पुरावा मिळत नाही, त्यावरून वादही झाले. तरी ती गोष्ट लोकांच्या मनातून जात नाही, कारण धन्यासाठी जीव टाकणारं कुत्रं वाड्यावस्त्यांवर पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. जपानी संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, आईला बाळाशी बांधणारं तेच द्रव्य. माया दोन्हीकडून असते, मग जपणंही दोन्हीकडून हवं ना?

घरात कुणी म्हणेल, बांधलं की कुत्रं कडक होतं. मुळीच नाही. दिवसरात्र बांधलेलं कुत्रं बिथरतं आणि जवळ आलेल्या पोरालाच चावतं. राखण त्याला शिकवावी लागत नाही. पोटाला वेळेवर भाकरी, पाणी, आपल्या माणसांत वावर, एवढ्यावर तो उभं आयुष्य राखण करतो. पाहुण्यांवर गुरगुरला तर मारू नकोस. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. मार खाऊन ती बंद झाली तर पुढच्या वेळी तो न सांगताच चावेल. त्या वेळी त्याला फक्त बाजूला ने.

आणि रेबीजची लस, दरवर्षी, न चुकता. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचार. तो कुणाला चावलाच, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद-चुना काही लावायचं नाही.

सासूबाईंशी तूच बोल, गोडीनं. पडवीला दार आहे, कोपऱ्यात पोतं टाकलं की त्याचं भागतं. उद्यावर ढकलू नकोस बाई, आज दिवेलागणीलाच त्याला आत घे आणि कडी लाव.